एकोणीस अंशांचं पाणी

मंगळवारी अंजू राठोडनं अकरावीला सागरप्रवाह शिकवले. थंड प्रवाह निळ्या खडूनं, उष्ण प्रवाह तांबड्या खडूनं. वर्गातल्या साठ मुलांपैकी समुद्र पाहिलेली तिघं निघाली. बाईंनी स्वतः एकदाच पाहिला होता, एम.ए.च्या सहलीत, गुडघाभर. मग डबा झाला आणि रिकामा तास आला. ती स्टाफरूमच्या खिडकीपाशी मोबाइल घेऊन बसली. यवतमाळात त्या आठवड्यात थंडीनं कहर केला होता, मैदानावर मुलं सरड्यासारखी ऊन खात पसरली होती, आणि तिच्या हातातल्या काचेवर मात्र लाटा फुटत होत्या. गेले तीन आठवडे ती हेच वाचत होती. कुठल्या किनाऱ्याला कुठल्या महिन्यात पाणी किती अंश असतं आणि त्या पाण्यात उतरायला किती जाडीचा रबरी पोशाख लागतो. लाटेवर फळी टाकून उभं राहणाऱ्या लोकांनी, सर्फिंगवाल्यांनी, जगातला एक किनारा मोजायचा सोडला नव्हता. चोवीसच्या वर असेल तर उघड्या अंगानं जा. एकवीस-बावीसला दोन मिलिमीटर. सतरा ते वीसला तीन-दोन, म्हणजे छातीपाठीला तीन आणि हातापायांना दोन. त्याखाली चार-तीन, मग पाच, मग डोक्याला टोपरं आणि पायांत मोजे. अरबी समुद्रापुढे जानेवारीत सव्वीस लिहिलं होतं, आणि शेजारी उघड्या अंगाच्या माणसाचं चित्र. पैनगंगेपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, कारण पैनगंगा त्या जगात नव्हती. म्हणून तिनं भूगोलाच्या प्रयोगशाळेतला तापमापक मागच्याच आठवड्यात भावाकडे पाठवला होता, आणि लखननं सकाळी सातला बंधाऱ्याच्या पाण्यात तो बुडवून आकडा कळवला होता: एकोणीस.

तिचे वडील प्रेमसिंग राठोड त्या एकोणीस अंशांत उघड्या अंगानं उतरायचे. उमरखेडपासून नऊ किलोमीटरवर त्यांचा तांडा, नदीपासून हाकेच्या अंतरावर शेत, आणि चाळीस वर्षांपासून पंचक्रोशीत विहिरीत, डोहात, बंधाऱ्यात कोणी बुडालं की आधी पोलिसांना फोन आणि दुसरा प्रेमसिंगला. जिवंत माणूस त्यांना क्वचितच मिळायचा. बोलावणं येईपर्यंत तास उलटलेले असत. ते प्रेतच काढायचे. अंगाला जवसाचं तेल चोळायचं, कमरेला दगड बांधायचा, छातीत वारा भरायचा आणि खाली जायचं. आता वय बासष्ट होतं आणि मागच्या हिवाळ्यापासून पाण्यातून आल्यावर दोन-दोन दिवस त्यांची बोटं सरळ होत नव्हती.

"बापू, माप पाह्यजे तुहं," तिनं फोनवर सांगितलं. पलीकडे लखननं फोन मोठ्या आवाजावर टाकला होता. मागे कोंबडी कलकलत होती.

"कायचं माप? बाजारात न्यायची म्हैस आहो का मी?"

"रबरी सूट हाय, पाण्यात घालाचा. थंडी लागत नाई."

"म्हंजे पाणी आत येत नाई?"

"येते थोडं. तेच तुह्या अंगाच्या उबीनं गरम होते आन् आतच राह्यते."

"वा रे वा. म्हंजे मीच चूल आन् मीच चुलीवरला गंज." ते खोकल्यासारखं हसले. लखननं शिंप्याची फीत लावून सांगितलं, छाती एकेचाळीस. "पोटाचं नोको सांगू तिले," मागून आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "हे घालते कोन?"

"समुद्रात फळीवर उभे राह्यतेत ते."

"पाण्याच्या वर?"

"हो."

"मंग ते त्याईले वर ठेवत असन, पोरी. मले तं खाली जा लागते."

तिनं ते वाचलं होतं. त्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, तो तरंगतो, जितका जाड तितका जास्त. वाचलं होतं आणि त्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला नव्हता. चौथी शिकलेल्या माणसाला तो एका प्रश्नात कळला. "दुसरा पाह्यतो," ती म्हणाली, "खाली जानाऱ्यायचाही असते. कमरेले शिशाचा पट्टा असते त्याले." "पाह्य बाप्पा. घाई नाई. तुर सोंगाची हाय गुरुवारी. रयवारी ये, तुरीचे सोले घेऊन जाय." फोन ठेवला. घंटा झाली. बारावीला तिनं लोकसंख्येचं वितरण शिकवलं, घरी जाताना पेरू घेतले, संध्याकाळी तपासायचे राहिलेले पेपर तपासले. त्या मंगळवारात याहून काही नव्हतं. आणि नंतर, कितीही उलटापालटा करून पाहिला तरी, त्या दिवसात तिला एकही जागा सापडली नाही जिथं तो फाटायला सुरुवात झाली होती.

बुधवारी त्याच रिकाम्या तासात तिनं एकदाचं ठरवलं. तीन की पाच, हा घोळ ती आठ दिवस घालत होती आणि कालपासून त्यात शिशाची भर पडली होती: पाच घेतला तर ऊब जास्त पण शिसंही जास्त, तीन घेतला तर हलका पण चौथ्या बुडीला गार पडणार. पाच, पाणबुड्यांचा, पट्ट्यासकट. तिनं बटण दाबलं. तीन वाजून बारा मिनिटं. अभिनंदन, तुमची ऑर्डर नोंदवली आहे. मोबाइलनं एक छोटीशी घंटीही वाजवली. पुढे लखनकडून वेळा कळल्या तेव्हा तिनं त्या जुळवून पाहिल्या. न जुळवता राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तीन वाजून बारा मिनिटांनी प्रेमसिंग चौथ्यांदा खाली होते.

मंगळवारी संध्याकाळी, ती पेरू निवडत होती त्याच सुमारास, पलीकडच्या गावचा एक माणूस बंधाऱ्यावरून घसरून पडला होता. बुधवारी सकाळी जीप आली. प्रेमसिंग नऊ वाजता उतरले. दुपारपर्यंत तीन वेळा, मग चौथ्यांदा, आणि साडेचारला पाचव्यांदा गेले तेव्हा तो हाताला लागला. काठावर हजारभर माणूस. वर आल्यावर ते इतके कापत होते, लखन सांगत होता, की दातांचा आवाज मला ऐकू येत होता बाई. लोकांनी कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा मोठा जाळ केला. त्यांना जाळापुढे बसवलं, ओलं धोतर तसंच होतं, आणि कोणीतरी मोहाची आणून दिली. भरला गिलास. ऊब येते म्हणून. ते प्याले, आणि थोड्या वेळानं कापायचे थांबले. सगळ्यांना हायसं वाटलं. "आता बरं वाटून राह्यलं," असं ते म्हणाले आणि मागं टेकले. तेवढंच. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं.

तिला ते लखननं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिला पान आठवलं. त्या लाटावाल्यांच्याच एका संकेतस्थळावर तळाशी एक पान होतं: गारठलेल्या माणसाला काय करू नये. दारू देऊ नये. जाळापुढे बसवू नये. ओले कपडे काढावे, आडवं निजवावं, कोरडं गुंडाळावं, सावकाश ऊब द्यावी. आणि कापणं थांबलं तर घाबरावं, बरं झालं असं समजू नये. तिनं ते मंगळवारीच उघडलं होतं, दोन परिच्छेद वाचले होते आणि बंद केलं होतं, कारण ते नंतरचं होतं आणि ती अजून जाडी निवडत होती. हजार माणसांत एकाला ते ठाऊक असतं तर. आणि ज्या एकीला ठाऊक होतं ती सव्वाशे किलोमीटरवर अभिनंदनाची घंटी ऐकत बसली होती. तिला राग आला. राग आला म्हणजे चढला नाही. तो विहिरीच्या पाण्यासारखा आतून झिरपून भरत गेला, आणि तेरा दिवस त्याची पातळी एक बोटभरही उतरली नाही.

राग कोणावर, याची तिनं शिस्तीनं छाननी करून पाहिली. तिच्या हाडाला तीच सवय होती. मोहाची पाजणाऱ्यावर करून पाहिला, तो म्हातारा तेरवीपर्यंत रोज येऊन ओट्यावर मान खाली घालून बसायचा, त्याच्यावर तो टिकेना. मोबाइल वर धरून चित्र काढणाऱ्यांवर केला, तिथं बऱ्यापैकी टिकला. पथकावर केला. जिल्ह्याचं पथक होतं, बोट होती, हवेच्या नळकांड्या होत्या, आणि ते गुरुवारी दुपारी येणार होतं. आणि मग तिच्या ध्यानात आलं की सगळ्यात जास्त राग तिला त्या बुडालेल्या माणसाचा येतोय, ज्याचं तिनं तोंडही पाहिलं नव्हतं. तो मंगळवारी संध्याकाळी मेला होता. बुधवारी मेलेलाच होता. गुरुवारी पथक आलं असतं तेव्हाही तो मेलेलाच असता, एका दिवसानं जास्त मेला नसता. त्याच्यासाठी एक जिवंत माणूस पाच वेळा एकोणीस अंशांत गेला. हे गणित इतकं उघडं होतं की कोणी ते मोठ्यानं म्हणत कसं नाही याचं तिला आश्चर्य वाटायचं. लोक म्हणत होते, पुण्यवान माणूस. लोक म्हणत होते, असं मरण भाग्यवंताला येते. मुकुटबनहून आलेल्या एका पाहुण्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून हेच सांगितलं आणि तिनं तो हात हळूच बाजूला केला, जसा बसमध्ये शेजारच्याचा कोपर करतात.

पण त्या घरात ते मोठ्यानं म्हणायची रीतच नव्हती. बोलावणं आलं की प्रेमसिंग जेवत असले तर ताटावरून उठायचे आणि अंजूची आई, हंसाबाई, ताटावर टोपलं पालथं घालायची. जाणाऱ्याला टोकायचं नाही. कुठं म्हणून विचारायचं नाही, कधी येणार विचारायचं नाही, जेवून जा म्हणायचं नाही. परत आले की अंगणातच कडुलिंबाच्या पाल्याचं ऊन पाणी, आणि ते अंगावर पडेपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. अंजू अमरावतीला शिकायला निघाली त्या दिवशी ते तिला उमरखेडच्या बसस्टँडवर सोडायला येणार होते. मोटारसायकलला तिची पेटी बांधून झाली होती. महागावकडून फोन आला. त्यांनी पेटी सोडली, ओट्यावर ठेवली, तिच्याकडे पाहिलं आणि गेले. तीही बोलली नाही. ऑटोनं गेली. बसमध्ये शेजारच्या मुलीला तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझे वडील बुडालेली माणसं काढतात. ती मुलगी अरे बापरे म्हणाली. त्या अरे बापरेवर अंजूनं पुढची पंधरा वर्षं काढली. वसतिगृहात, मुलाखतीत, स्टाफरूममध्ये. वडिलांचं ते काम तिनं पुस्तकातल्या धड्यासारखं सांगितलं आणि सांगताना दर वेळी पोटात बारीक काहीतरी आवळलं जायचं, त्याला तिनं अभिमान असं नाव दिलं होतं.

त्याला दुसरं नाव आहे हे तिला तेरवीच्या मांडवात कळलं. बाहेर मोठा फलक लावला होता, त्यावर वडिलांचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून, आणि खाली जलदूत. एक पुढारी आला, बोलला, आणि शेवटी म्हणाला की प्रेमसिंगभाऊंचा वारसा आता लखनभाऊ चालवतील. टाळ्या पडल्या. तेरवीच्या मांडवात टाळ्या. अंजूनं लखनकडे पाहिलं. चोवीस वर्षांचा, बापाच्याच बांध्याचा, मुंडन केलेला. आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःखाच्या खालून काहीतरी उजळून वर येत होतं. त्यानं मान वर केली, छाती थोडी भरली. तिनं ते ओळखलं. कारण एकदा तिच्या चेहऱ्यावरही नेमकं तेच आलं होतं.

ती आठ वर्षांची असेल. तांड्याच्या विहिरीत कोणाची मोटर पडली होती आणि बापूनं तिला काठावर बसवलं होतं. दोराचं टोक तिच्या मुठीत. "मोज. शंभराच्या वर गेलो तं दोर ओढ, मंग हे लोक मले वर घेईन." तो खाली गेला. पाणी हललं, मग हलायचं थांबलं, आणि त्यात आभाळाचा एक तुकडा येऊन बसला. दगड मांड्यांना तापत होता. शेवाळाचा वास येत होता. ती मोजत गेली. नव्वद. शंभर. दोर तिच्या मुठीत होता आणि तिनं तो ओढला नाही. का नाही ओढला? भीतीनं हात गळाले होते म्हणून, की ओढला तर बापूला वाटेल माझ्यावर भरवसा नाही म्हणून; इतक्या वर्षांनी तिला सांगता आलं नसतं. एकशे दहा. एकशे बारा. आणि पाणी फोडून तो वर आला, लालबुंद, हसत, आणि तिच्या मुठीतला ढिला दोर पाहून काठावरच्या सगळ्यांना ओरडून म्हणाला, "पाह्यलं का! माही पोरगी भेत नाई!" सगळे हसले, कोणीतरी तिला खांद्यावर घेतलं. त्या दिवशी ती शिकली. जो ओरडत नाही तो शूर. जो दोर ओढत नाही त्याच्यावर बाप प्रेम करतो. पुढे तिनं पुस्तकं वाचली, खूप वाचली, माणसाच्या मनाबद्दलचीही वाचली, पण या धड्यावर काट मारायचं धाडस एकाही पुस्तकानं तिला दिलं नाही. ती फक्त मोजत राहिली. आधी आकडे, मग अंश, मग मिलिमीटर.

पार्सल कॉलेजवर आलं होतं. तेरवी करून ती कामावर रुजू झाली तेव्हा ते तिच्या टेबलावर ठेवलेलं होतं, काळ्या प्लॅस्टिकमध्ये, प्रेतासारखं वजनदार. शिपायानं विचारलं, "मॅडम, काय मागवलं येवढं?" ती म्हणाली, "कपडे." चार दिवस तिनं ते खोलीत ठेवलं आणि खोलीत झोप येईना. परत पाठवायचा विचार केला, कारण विचारणाऱ्या चौकटीत तीन पर्याय होते, माप चुकलं, रंग आवडला नाही, आता गरज नाही. तिसऱ्यावर बोट ठेवून ती किती तरी वेळ बसली आणि तिनं मोबाइल उशीखाली सारला. रविवारी ती ते घेऊन आर्णी-महागावच्या बसनं निघाली. बापूच्या पेटीत ठेवीन, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं काय ते तिलाही नक्की नव्हतं. बस कापसाच्या गाड्यांमागे रांगत होती, वाऱ्यानं उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना लोंबत होता, आणि तिच्या मांडीवर पाच मिलिमीटर जाडीचा एक माणूस घडी घालून बसला होता.

लखननं ते तिच्या हातातून घेतलं आणि अंगणातच फाडलं. "हेच का ते? बापूचं?" काळं, जाड, मऊ; वास नव्या टायरसारखा. तो लगेच घालायला बसला. ते चढेना. अंजूनंच सांगितलं, पायात आधी प्लॅस्टिकची पिशवी घाल, मग सरकते. हेही तिनं वाचलं होतं. दोघं मिळून ओढू लागले. "ओढ बाई, ओढ, चामडी येऊन राह्यली माही!" हंसाबाई ओट्यावर गहू निवडत होती, ती सूप ठेवून पाहू लागली. पाठीची चेन बंद झाली आणि लखन अंगणात उभा राहिला, पायापासून गळ्यापर्यंत काळा, वर मुंडन केलेलं डोकं. "याडी, कसा दिसतो?" हंसाबाई म्हणाली, "धुतलेल्या म्हशीवानी." आणि हसली. वीस दिवसांत पहिल्यांदा. लखन हसला, म्हशीसारखा फुरफुरला, आणि अंजूही हसली, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तो वळला. पाठमोरा तो हुबेहूब बापू होता. छाती एकेचाळीस. तिचं हसू तोंडातच आंबलं, आणि आपण हसलो याचा तिला इतका संताप आला की ती न्हाणीत जाऊन थंड पाणी तोंडावर मारत राहिली.

जीप दुपारी आली. पोलीस ठाण्यातला घनश्याम जमादार उतरला, बापूच्या वेळेपासूनचा, प्रत्येक बोलावण्याला हाच यायचा. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या, हंसाबाईला हात जोडले, पाणी घेतलं आणि घोट घेता घेताच सांगितलं. ट्रॅक्टर धुवायला पाण्यात घातला होता, ड्रायव्हर घसरला. काल दुपारी. अमर नाव. तीस-बत्तीसचा. "गळ टाकून पाह्यला, नाई लागला. पथक उद्या येते म्हनते."

"उद्या कवा?" अंजूनं विचारलं.

"दुपारपावतर येईन, मॅडम."

"मंग येऊ द्या ना."

घनश्याम जरा कसनुसा झाला. तो वाईट माणूस नव्हता. त्या बुधवारी बापूला जीपमध्ये मांडीवर डोकं घेऊन त्यानंच दवाखान्यात नेलं होतं. "बरोबर हाय मॅडम. मी जबरदस्ती नाई करून राह्यलो. पन त्याची माय कालपासून काठावर बसून हाय. पाण्याचा घोट नाई घेतला तिनं. मले पाह्यवलं नाई. म्हटलं, लखनले इचारून पाहू."

हंसाबाईनं गव्हाचं सूप उचललं आणि खाली ठेवलं. तिच्या तोंडावरून अंजूला दिसलं की तिच्या डोळ्यांपुढे आता ती दुसरी बाई बसलेली आहे, काठावर, गुडघे पोटाशी घेऊन. "मायले तोंड तं दिसलं पाह्यजे लेकराचं," हंसाबाई हळूच म्हणाली, कोणालाच नाही, आणि आत गेली. ती तेलाची शिशी आणायला गेली हे तिघांनाही कळलं. त्या घरात बाईनं एवढंच करायचं असे. त्या दुसऱ्या मायचंही खरं होतं. तेच तर. दर वेळी ते खरंच असायचं, चाळीस वर्षं दर वेळी काठावर कोणाची तरी माय, कोणाची तरी बायको खरीच बसलेली असायची, आणि त्या खऱ्यापुढे घरातल्या तिघांचं तोंड बंद व्हायचं. घरातली माय मात्र जिवंत नवऱ्याच्या ताटावर टोपलं पालथं घालून बसायची आणि तिला पाहून कोणाला पाह्यवलं नाही असं कधी झालं नाही.

लखन ओट्यावर बसला होता. दोरीवर टांगलेला सूट त्यानं काढला, पायांत पिशव्या घातल्या. घोटे सरकन आत गेले. तो तिच्याकडे न पाहता बोलत होता, भराभरा, जसं लहानपणी काही फुटलं की बोलायचा. "बापूजवळ हे नव्हतं, बाई. म्हनून झालं तसं. आता काय होते? तूच सांगतलं ना, एकोणीसले पाच मिलिमीटर लय झालं. पट्टाही हाय. अर्ध्या घंट्यात काढतो त्याले. जाळाजवळ नाई बसत, दारू नाई घेत, सारं ध्यानात हाय माह्या. आता सूट हाय ना. तूच तं घेतला."

तूच तं घेतला. तिला वाटलं, हे वाक्य तो बोललाच नाही, ते कुठून तरी तिच्याच आतून आलं. तीन आठवड्यांचं सगळं वाचन एका क्षणात तिच्यापुढे उलगडलं. किती किनारे, किती आकडे, किती रात्री-दुपारी, आणि त्या सगळ्याच्या तळाशी काय होतं ते तिला स्वच्छ दिसलं, एखाद्या उन्हाळी डोहाचा तळ दिसावा तसं. तिच्या मुठी वळल्या. हंसाबाई शिशी घेऊन दारात आली. घनश्यामनं चपला घातल्या.

"लखन, थांब."

हंसाबाईचा हात दारातच थबकला. "अंजे. टोकू नोको जात्या मानसाले."

"टोकतो. टोकतो मी याडी, आन् पाह्यजे तं मले घराभाईर काढ." तिचा आवाज तिला अनोळखी वाटला, जाड, फाटका. जमादार मान वळवून जीपकडे पाहू लागला. "लखन, इकडं पाह्य. मी हा सूट बापूले थंडी लागू नये म्हनून नाई घेतला. मले त्याले एक गोष्ट म्हनाची होती आन् मले ते म्हनता येत नव्हतं, म्हनून घेतला. सारे समुद्र वाचत बसली मी, पन बापाले एक फोन करून म्हटलं नाई. भेव लागे मले. लहान होती तवापासून लागे, दर बारीनं लागे, आन् मी सांगत फिरे का माही छाती फुगते म्हनून. बापू, जाऊ नोको. असं म्हनाचं होतं मले. मेलेला मानूस थांबते, बापू, तू जाऊ नोको. आमी जिते हावो घरात." तिनं श्वास घेतला, तो अर्ध्यातच अडकला आणि तिनं तो तसाच ओढला. "घनश्यामभाऊ, मले न्या त्या मायजवळ. मी बसतो तिच्याजवळ काठावर, उद्या पथक येतपर्यंत बसतो, तिनं मले शिव्या देल्ल्या तरी बसतो. पन हा नाई येत. लखन, काढ ते. जाऊ नोको. आयकलं का? जाऊ नोको तू."